पोरगं चावी मागतंय, काय करू? – गाडी आणि लायसनबद्दल वाचकांचे प्रश्न

जून लागला की माझ्याकडं एकाच विषयाची पत्रं यायला लागतात. दहावी झालेली पोरं अकरावीला जातात, क्लास घरापासून लांब असतो आणि मग गाडीच्या चावीवरून घरात रोज वाद. मी सांगलीत वीसेक वर्षं दुचाकी आणि कार शिकवते, त्यामुळं या विषयावर मला जरा जास्तच बोलावं वाटतं, म्हणून यावेळी उत्तरं लांबलीत. पत्रं थोडी छाटलीत आणि नावं काढलीत.

प्रश्न : ताई, माझा मुलगा साडेसोळा वर्षांचा आहे, अकरावी सायन्स. आम्ही मिरजेत राहतो आणि त्याचा क्लास सांगलीत विश्रामबागला सकाळी साडेसहाला असतो. त्याच्या बॅचची जवळजवळ सगळी पोरं स्कूटर घेऊन येतात. ह्यांचं म्हणणं, सोळाला लायसन मिळतं, ते काढू आणि घरातली ॲक्टिव्हा त्याला देऊन टाकू. मला भीती वाटते पण घरात मी एकटी पडलेय, सासूबाईपण म्हणतात की पोराला किती दिवस बांधून ठेवणार. सोळाला लायसन मिळतं हे खरं का? – एक आई, मिरज

उत्तर : ताई, तुमचे मिस्टर म्हणतात ते अर्धं खरं आहे आणि त्या अर्ध्या खऱ्यानंच सगळीकडं घोळ झालाय. मोटार वाहन कायदा १९८८ चा, त्याच्या कलम ४ मध्ये असं आहे की सोळा पूर्ण झालेल्याला ५० सीसीपर्यंतच्या इंजिनाची दुचाकी चालवता येते, बाकी घरच्या गाड्यांना अठरा. ५० सीसी म्हणजे आपल्या वेळची लुना. तुमची ॲक्टिव्हा ११० च्या आसपासची आहे, आणि आता तुमच्या गल्लीत कुणाच्या दारात ५० सीसीची गाडी दिसते का बघा बरं. म्हणजे सोळाव्या वर्षी ते लायसन काढलं आणि पोराच्या हातात ११० ची गाडी दिली तर कायद्याच्या दृष्टीनं त्याच्याकडं त्या गाडीचं लायसनच नाही. विनागिअरची आहे, मग चालते, असं खूप जण छातीठोक सांगतात, पण सोळाला गिअर नसून भागत नाही, सीसीपण ५० च्या आतच पाहिजे.

आता पकडलं तर काय होतं ते मिस्टरांना वाचून दाखवा. २०१९ ला कायद्यात दुरुस्ती झाली, त्यात १९९ अ हे कलम आलं. अल्पवयीन मुलानं गाडी चालवताना गुन्हा केला तर आईबाप किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो, तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास आणि २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या पोराला पंचवीस पूर्ण होईपर्यंत लायसन मिळत नाही. मला माहीत नव्हतं असं नुसतं म्हणून सुटता येत नाही, आपल्याला न सांगता नेली किंवा आपण नेऊ नये म्हणून सगळी काळजी घेतली होती हे आपल्यालाच सिद्ध करावं लागतं. पंचवीसपर्यंत म्हणजे बघा, इंजिनिअरिंग होऊन नोकरीला लागला तरी पोरगा कुणाच्या तरी मागं बसून फिरणार. आणि विम्याचं वेगळंच. लायसन नसलेल्याकडून अपघात झाला तर आपल्या गाडीचा क्लेम मिळत नाही, आणि समोरच्या माणसाला कंपनीनं पैसे दिले तरी ते ती मालकाकडून वसूल करू शकते. ती रक्कम लाखांत जाते, घर विकायची वेळ येते माणसावर.

पण ताई, तुम्हाला जी भीती वाटतेय ती दंडाची नाही, हे मला कळतं. मलापण दंडाचं फार पडलेलं नाही. तुमचा मुलगा थंडीतपण त्या क्लासला जाणार, सहा-सव्वासहाला सांगली-मिरज रोडला अंधारच असतो, आणि तेच दिवस ऊस वाहतुकीचे. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, मागं ऊस असा लोंबत असतो की लाल दिवा आणि रिफ्लेक्टर त्याच्याखाली झाकून जातात, जवळ जाईपर्यंत रस्त्यात काहीतरी आहे हेच कळत नाही. ताशी ४० च्या स्पीडला गाडी सेकंदाला ११ मीटर पुढं जाते. समोर काय आहे ते ओळखून ब्रेककडं बोट जाईपर्यंतच एक सेकंद जातो, आणि हे मोठ्या माणसाचं झालं.

मी हे नुसतं वाचून सांगत नाही. सहा-सात वर्षांपूर्वी माझा भाचा सुट्टीला आला होता, सतरा पूर्ण, गाडी छान चालवायचा, मीच त्याला मैदानावर शिकवलेलं. सकाळी दूध आणायचं होतं आणि मीच त्याला चावी दिली, कोपऱ्यावर तर जायचंय म्हणून. हेल्मेट घे म्हणाले, त्यानं घेतलं, पण कोपरात अडकवलं. ट्रॉलीतून पडलेल्या उसाच्या कांड्या टायरखाली येऊन येऊन चिपाडं झालेली, त्यावर रात्रीचं दव, आणि यानं वळता वळता पुढचा ब्रेक दाबला. गाडी कुणाला धडकली नाही की कुणी याला धडकलं नाही, एकटाच घसरला. हनुवटीला सात टाके आणि डावं मनगट मोडलं. ते हेल्मेट अजून माझ्या कपाटात आहे, त्याच्या काचेवर एक ओरखडा नाही, फक्त पट्टा तुटलाय, कोपरातून निसटताना तुटलेला. वहिनीला फोन लावला तेव्हा काय बोलू ते मला सुचेना. तेव्हापासून अठरा पूर्ण नसलेल्या कुणालाही मी चावी देत नाही, कोपऱ्यापर्यंतपण नाही.

तर मग क्लासला जायचं कसं, हा खरा प्रश्न आहे आणि तो तुम्ही सोडवला नाही तर घरातलं भांडण संपणार नाही. एसटीच्या विद्यार्थी पासात ६६.६७ टक्के सवलत असते, मिरज-सांगली बसेसची वेळ बघून घ्या. त्याच बॅचची अजून दोन-तीन पोरं मिरजेचीच असतील, त्यांच्या आईबापांना गाठा आणि एक रिक्षा महिन्यावर ठरवा नाहीतर पाळीनं सोडा, सोमवारी तुम्ही, मंगळवारी ते. बाकीच्या आयापण तुमच्यासारख्याच घाबरून गप्प बसलेल्या असतात हो, कुणीतरी पहिला फोन करायला लागतो. पोराला सायकल चालत असेल तर उजाडल्यावरच्या बॅचला ती उत्तम, रस्त्याचा अंदाज सायकलवर जितका येतो तितका कशानंच येत नाही.

बॅटरीच्या स्कूटरचं पण लोक विचारतात म्हणून सांगते. मोटर २५० वॉटपर्यंतची आणि वेग ताशी २५ पर्यंतच असेल तर त्या गाडीला लायसन लागत नाही, पासिंगपण नाही. पण काही दुकानदार स्पीडचं लॉक काढून देतो, पंचेचाळीसनं पळेल असं सांगतात, ते ऐकू नका, लॉक काढलं की ती कायद्यानं मोटार वाहन झाली आणि आपण परत १९९ अ मध्ये. लायसन लागत नाही म्हणून हेल्मेट लागत नाही असं समजू नका.

आणि मुलाला नुसतं नाही म्हणू नका ताई, तारीख सांगा. तुमच्या हिशेबानं तो बारावीच्या डिसेंबरात अठरा पूर्ण करेल. लर्निंग लायसन सहा महिनेच चालतं, ते डिसेंबरात काढून अभ्यासाच्या गडबडीत वाया घालवू नका, फेब्रुवारीची परीक्षा होऊ द्या आणि मार्चमध्ये काढा, सुट्टीभर शिकेल. हे त्याच्यासमोर कॅलेंडरवर लिहा आणि तोपर्यंत तुमच्या गाडीवर मागं बसताना त्याला रस्ता वाचायला लावा, पुढचा रिक्षावाला आता काय करेल सांग, ती बाई रस्ता ओलांडेल का सांग. दीड वर्षं हे केलेलं पोरगं माझ्याकडं शिकायला आलं तर पहिल्या दिवशीच ओळखू येतं.

प्रश्न : मुलगी मागच्या महिन्यात अठरा पूर्ण झाली. आमचं साताऱ्यात पोवई नाक्याजवळ दुकान आहे, वेळ अजिबात मिळत नाही. ओळखीचा एजंट म्हणतोय की लर्निंगची ऑनलाइन परीक्षा मीच देतो, मुलीला काही करायला नको, पक्क्या लायसनला फक्त एकदा तोंड दाखवायला या. पैसे गेले तरी चालतील पण हे बरोबर आहे का? नसेल तर आम्ही आमचं कसं करायचं? – एक वडील, सातारा

उत्तर : दादा, बरोबर नाही आणि तुम्हाला ते आतून कळलंय म्हणूनच तुम्ही पत्र लिहिलंत. फॉर्म भरायला कुणाची मदत घेतली तर काही बिघडत नाही, पण परीक्षा तिचीच आणि तिनंच द्यायची. आधार असेल तर परिवहन खात्याच्या सारथी साइटवरून लर्निंग घरबसल्या होतं, आधी सुरक्षेचा व्हिडिओ बघायचा, मग कॅमेऱ्यासमोर परीक्षा, पंधरा प्रश्न, त्यातले नऊ बरोबर आले की पास. एवढं अवघड नाही ओ. लाल कडेचं गोल म्हणजे मनाई, निळं गोल म्हणजे सक्ती, त्रिकोण म्हणजे पुढं सावध, निळा चौकोन म्हणजे माहिती, हे एवढं कळलं तरी निम्मं झालं. मी असे बाप बघितलेत की मुलगी शेजारी बसलेली आणि उत्तरं हेच टिचकतायत, कौतुकानं. पुढच्या महिन्यात त्याच मुलीला एकेरी वाहतुकीचा बोर्ड ओळखता येत नाही आणि समोरून ट्रक आलेला असतो.

पैशाचं म्हणाल तर लर्निंगला गाडीच्या एका प्रकाराला १५० रुपये आणि परीक्षेचे ५०. पक्क्याला ट्रायलचे प्रत्येक प्रकाराला ३०० आणि लायसनचे २००, वर कार्डाचे थोडेफार. वयाचा आणि पत्त्याचा पुरावा, तब्येतीचा फॉर्म नंबर एक तिनं स्वतः भरायचा, चाळिशीच्या आत डॉक्टरचा दाखला लागत नाही. लर्निंग मिळाल्यापासून तीस दिवस झाल्यावर ट्रायल देता येते आणि सहा महिन्यांच्या आत द्यावी लागते. ट्रायलला जी गाडी नेणार तिचं आरसी बुक, इन्शुरन्स आणि पीयूसी चालू आहे ना हे आदल्या दिवशी बघा, पीयूसी संपली म्हणून परत आलेली पोरं मी कितीतरी बघितलीत. अठराव्या वर्षी काढलेलं लायसन चाळीसपर्यंत चालतं, म्हणजे बावीस वर्षं. एजंटनं आणून दिलेलं कार्डपण बावीस वर्षंच चालणार आहे, बघा म्हणजे.

तर दादा, पैसे गेले तरी चालतील म्हणताय ना, मग पैसे ठेवा आणि वेळ द्या. दुकान नऊला उघडत असेल तर सकाळी साडेसहा ते सव्वासात, आठवड्यातून चार दिवस. लर्निंगवर गाडी चालवताना पक्कं लायसन असलेला शिकवणारा माणूस बरोबर लागतोच, कायदाच तसा आहे, दुचाकीवर मागं बसवायचं तर त्याच माणसाला, मैत्रिणीला नाही. आणि पुढं-मागं पांढऱ्यावर लाल एल, हातभर लांबूनच दिसेल एवढा बारीक नको, १८ सेंटिमीटरचा चौकोन आणि त्यात १० सेंटिमीटर उंचीचं अक्षर, असं नियमात आहे. पोरींना त्या एलची लाज वाटते. तिला सांगा की एल बघून मागचा माणूस दोन हात लांब राहतो, निदान काही जण तरी.

सुरुवात इंजिन बंद ठेवून करा. गाडी ढकलू दे, वळवू दे, मेन स्टँडवर चढवू दे, शंभर-एकशेदहा किलोचं वजन कुठं कलतं हे अंगाला कळलं पाहिजे. मग ब्रेक. २०१९ पासूनच्या १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना दोन्ही ब्रेक एकत्र लागायची सोय असते, डावा दाबला की पुढचापण थोडा लागतो, पण घरात जुनी गाडी असेल तर तिला ते नसतं आणि मुलगी मैत्रिणीच्या गाडीवर शिकून तुमच्या गाडीवर बसली की तिथंच घसरते. पहिला आठवडा मैदानच. खडूनं एक रेघ मारा आणि वीसच्या स्पीडनं येऊन चाक त्या रेघेवर थांबव म्हणा, रोज दहा वेळा. मग कॉलनीतल्या गल्ल्या, मग दुपारचा रस्ता, तीन आठवडे झाल्यावर राजवाड्याकडची संध्याकाळची गर्दी. पोवई नाक्याच्या ग्रेड सेपरेटरमध्ये कुठून शिरलं की कुठं बाहेर पडतं हे आधी तिला मागं बसवून दोन-चार वेळा दाखवा, आत शिरल्यावर गोंधळून थांबणं फार वाईट. लायसन हातात आलं तरी पावसातली आणि अंधारातली पहिली फेरी तुमच्याबरोबर.

यवतेश्वरचा घाट सगळ्यात शेवटी. मैत्रिणी कासला चालल्यात म्हणून पहिल्याच महिन्यात परवानगी देऊ नका, शनिवार-रविवारी तर नकोच, त्या दिवशी रस्ता न माहीत असलेल्या बाहेरच्या गाड्या असतात. उताराला पेट्रोल वाचवायला गाडी बंद करून सोडायची एक वाईट सवय आपल्याकडं आहे, ती तुम्हाला असेल तर आधी तुम्ही सोडा, कारण ती तुमचंच बघून शिकणार, तुम्ही सांगितलेलं नाही.

हेल्मेट तिच्या डोक्याच्या मापाचं घ्या, आयएसआयचं, घरातलं दादाचं जुनं नको. पट्टा लावल्यावर हनुवटीखाली एक-दोन बोटं जातील एवढंच सैल, आणि हेल्मेट धरून हलवलं की गालाची कातडी बरोबर हलली पाहिजे, नुसतं हेल्मेट फिरलं तर मोठं आहे. मागं बसणाऱ्यालापण हेल्मेट लागतं, तेव्हा शिकवताना तुमच्या डोक्यावर पाहिजेच.

प्रश्न : नातू पंधरा वर्षांचा आहे, बागेत ट्रॅक्टर झकास चालवतो, औषध मारायला ब्लोअरपण तोच नेतो. गावातून वाडीपर्यंत दोन किलोमीटरच डांबरी आहे, तेवढं चालवलं तर काय होतंय? सगळ्यांचीच पोरं चालवतात. – एक आजोबा, तासगाव तालुका

उत्तर : आजोबा, नमस्कार करून सांगते, डांबरीवर नको. तो सार्वजनिक रस्ता आहे आणि ट्रॅक्टरलापण अठराच लागतात, दोन किलोमीटर असो नाहीतर दोनशे मीटर. वर सांगितलेलं २५,००० चं कलम ट्रॅक्टरच्या मालकालापण तसंच लागतं, आणि ट्रॅक्टर तुमच्या नावावर असेल तर ते तुमच्यावर येईल.

पण मला जास्त काळजी बागेतली वाटते. ब्लोअर पीटीओवर, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या शाफ्टवर चालतो, तो शाफ्ट उघडा असेल तर सदऱ्याचं टोक, पंचा, कानाची मफलर, काहीही त्यात गुंडाळतं आणि माणूस ओढला जातो, ओरडायलापण वेळ मिळत नाही. आज संध्याकाळी बघा, शाफ्टवरचं कव्हर जाग्यावर आहे का. बऱ्याच ठिकाणी ते ग्रीस भरायला अडचण होते म्हणून काढून टाकलेलं असतं. नसेल तर बसवून घ्या, आणि खाली उतरायच्या आधी पीटीओ बंद करून इंजिन बंद करायची सवय तुम्हाला स्वतःलापण लावा. औषधाचं कामपण पंधरा वर्षांच्या पोराकडं नको, ते अंगावर उडतं, नाकातोंडात जातं. तो कामसू आहे, त्याचं कौतुक करा, आणि सध्या त्याला ट्रॅक्टर धुवायला, ऑइल बघायला, हवा तपासायला शिकवा, मशीन ओळखणारा माणूस पुढं चालवतोपण जपून.

प्रश्न : मी अठरा वर्षांची आहे, सांगलीतच राहते. लर्निंग काढून दीड महिना झाला. पप्पा कार शिकवतात पण शेजारी बसून इतकं ओरडतात की मी रडत घरी येते. परवा राम मंदिर चौकात गाडी बंद पडली, मागून सगळे हॉर्न मारत होते आणि पप्पा सगळ्यांपेक्षा मोठ्यानं ओरडत होते. आता मला स्टीअरिंगला हात लावायचीच भीती वाटते. मी नाद सोडून देऊ का?

उत्तर : नाही गं बाळा, सोडू नकोस. राम मंदिर चौकात ज्याची गाडी एकदाही बंद पडली नाही असा सांगलीत गाडी शिकलेला माणूस मला दाखव. गाडी बंद पडणं हा अपघात नाही. तेव्हा करायचं एवढंच, ब्रेकवर पाय घट्ट, धोक्याचे चारी दिवे चालू, क्लच पूर्ण दाबून न्यूट्रल, मग चावी. हॉर्न वाजतायत तर वाजू देत, मागच्या माणसाला तुझ्या अंगावरून जाता येत नाही, त्याला थांबावंच लागतं. हे चार टप्पे घराच्या दारात उभ्या गाडीत डोळे मिटून वीस वेळा कर, म्हणजे चौकात हात आपोआप जातील.

आता पप्पांबद्दल. ते तुझ्यावर चिडलेले नसतात, घाबरलेले असतात. शेजारच्या सीटवर बसलेल्या माणसाच्या पायाखाली ब्रेक नसतो ना, आमच्या शिकवायच्या गाडीला डबल ब्रेक-क्लच असतो म्हणून मी शांत बसू शकते, त्यांचा पाय मात्र नुसता मॅटवर दाबला जातो आणि तो सगळा दाब तोंडातून बाहेर पडतो. माझ्याकडं येणारी निम्मी पोरं घरी बापाकडं रडून आलेली असतात, आणि ते बाप वाईट नसतात.

हे पान पप्पांना वाचायला दे. दादा, तुमच्यासाठी तीन गोष्टी. गाडीत बसायच्या आधी घरीच ठरवा की आज कुठल्या रस्त्यानं जायचं आणि काय शिकायचं, एका दिवशी एकच, आज फक्त चढावर गाडी थांबवून उचलणं. सूचना वेळेत द्या, चौक आल्यावर डावीकडं डावीकडं असं ओरडून ती वळणार कशी, पन्नास पावलं आधी शांत आवाजात सांगा. आणि चुकली तर गाडी बाजूला घ्यायला लावून मग बोला, चालत्या गाडीत चुकीचा पाढा वाचू नका. तरी जमत नसेल तर क्लच आणि गिअर एखाद्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये पंधरा-वीस दिवस शिकू दे आणि तुम्ही नंतर सरावाला बरोबर जा, त्यात कमीपणा काही नाही, सर्जनसुद्धा स्वतःच्या पोराचं ऑपरेशन दुसऱ्याला करायला देतो.

आणि मुली, रविवारी सकाळी लवकर सराव कर, पण आयर्विन पुलाच्या बाजूला नको, पूल जुना आणि अरुंद आहे, १९२९ चा, तिथं समोरून गाडी आली की नवशिक्याचा हात आखडतो. रुंद मोकळा रस्ता निवड. पहिले पंधरा दिवस गर्दीत गेलीच नाहीस तरी काही बिघडत नाही, लर्निंगचे अजून साडेचार महिने आहेत तुझ्याकडं.

प्रश्न : ट्रायलला दुचाकीच्या आठमध्ये, म्हणजे आठच्या आकड्यासारखी गाडी फिरवण्यात, दोन वेळा नापास झालो. रोज कॉलेजला गाडीचा सराव आहे, मोठा भाऊ मागं असतो. तरी आठ काढताना पाय टेकतोच. मम्मी म्हणते कुणाला तरी सांगून पास करून घेऊ. – कराड

उत्तर : मम्मीला सांग की ताई नको म्हणाल्या. तुला गाडी येते, आठ येत नाही, ती वेगळी गोष्ट आहे आणि आठवड्यात जमते. पाय का टेकतो सांगू, तू पुढच्या चाकाकडं बघतोस. जिथं बघशील तिथं गाडी जाते, चाकाकडं बघितलंस की गाडी जाग्यावरच आत कोसळायला बघते. हनुवटी वर, मान वळवून पुढच्या वळणाच्या शेवटाकडं बघ, अगदी खांद्यावरून मागं बघितल्यासारखं. दुसरं म्हणजे तू वळताना ॲक्सिलेटर पूर्ण सोडत असणार, मग गाडीचा तोल जातो. गिअरची असेल तर पहिल्या गिअरमध्ये अर्धा क्लच धर आणि ॲक्सिलेटर एकसारखा ठेव, स्कूटर असेल तर ॲक्सिलेटर थोडा चालू ठेवून मागचा ब्रेक अगदी हलका लावून स्पीड आवर. पुढच्या ब्रेकला हात लावू नकोस. गुडघे टाकीला नाहीतर सीटला चिकटलेले, कोपर सैल.

मैदानात विटा मांड, आधी मोठा आठ, जमला की रोज एक-एक वीट आत सरकव. मोठ्या भावाला समोर उभा कर आणि वळणाच्या शेवटाकडं जा म्हण, तुझी नजर त्याच्या तोंडावर पाहिजे, तो चालेल तशी तुझी मान फिरली पाहिजे. नापास झाल्यावर सात दिवसांनी परत ट्रायल देता येते, पण तिसऱ्यांदापण राहिली तर साठ दिवस थांबावं लागतं आणि तेवढ्यात लर्निंगची मुदत संपेल का ते आजच बघून ठेव. त्यामुळं घाईनं आठव्या दिवशी जाऊ नकोस. सलग दहा आठ पाय न टेकता निघाले की मगच तारीख घे, आणि ज्या गाडीवर सराव केलास तीच गाडी ट्रायलला ने.